नवागताचे बोलणे : 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांमधील अंतर

कोणत्याही मंडळीत नव्याने आलेली व्यक्ती पहिले काही दिवस गप्प बसते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, त्याचे कारण शोधण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. स्वभाव लाजाळू, शिक्षण कमी, सभेची सवय नाही, अशी दोन-तीन उत्तरे तयारच असतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ही उत्तरे पुरत नाहीत. घरी, शेतात, पाण्यावर किंवा आठवडी बाजारात जी स्त्री अस्खलित बोलते, भांडते, हिशेब मांडते, प्रसंगी दुसऱ्याची फिरकीही घेते, तीच बचत गटाच्या पहिल्या बैठकीत 'बरं', 'हं', 'तुम्ही म्हणाल तसं' ह्यांपलीकडे जात नाही. तिच्यापाशी भाषा नाही, असे अर्थातच म्हणता येणार नाही. भाषा आहे, त्या जागी ती वापरण्याचा अधिकार आपणांस आहे ही खात्री नाही. ही खात्री कशी उत्पन्न होते, आणि जुन्या सभासदांच्या बोलण्यातील कोणत्या गोष्टी ती उत्पन्न होऊ देतात अथवा अडवितात, ह्याचा विचार नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काही मंडळींच्या आधारे येथे करावयाचा आहे.

आरंभ एका लहानशा व्याकरणविषयक गोष्टीपासून करणे सोयीचे होईल. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. 'आपण' म्हणताना त्यास सामावून घेतो. 'आम्ही बाजाराला चाललो' ह्या वाक्याने ऐकणारा घरीच राहतो. 'आपण बाजाराला जाऊ' म्हटले की त्यालाही पिशवी उचलावी लागते. हिंदीतील 'हम' किंवा इंग्रजीतील 'वुइ' ह्यांत ही सोय नाही. तेलुगूत ती आहे : 'मेमु' हे वगळणारे आणि 'मनमु' हे सामावणारे. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या सान्निध्यामुळे दृढ झाला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या बाजूस घरी तेलुगू व बाहेर मराठी बोलणारी कुटुंबे पाहिली म्हणजे हे मत केवळ ग्रंथातले वाटत नाही. 'आम्ही' हे प्राकृतातील 'अम्हे'चे रूप. 'आपण' मात्र 'आत्मन्' पासून 'अप्पण' ह्या वाटेने आलेले, म्हणजे मुळात स्वतःवाचक. ह्याच 'आपण'चा मराठीत आणखी एक उपयोग रूढ आहे. कचेरीतील कारकून 'आपण अर्ज केला आहे काय?' असे विचारतो, तेव्हा हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीयपुरुष होऊन बोलणारा व ऐकणारा ह्यांत अंतर ठेवते. 'आपण उद्या अर्ज करू' ह्या वाक्यात ते अंतर पुसले जाते. एकाच शब्दाच्या ह्या दोन टोकांमध्ये नवागताचा सारा प्रवास घडतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बचत गटाच्या बैठकीत नव्या सभासदाच्या कानी पहिल्यांदा जे पडते ते बहुधा 'आम्ही मागंच ठरवलं हाय' हे वाक्य. बोलणारीचा हेतू वाईट नसतो. ती नियम समजावून सांगत असते. पण त्या एका 'आम्ही'ने नवी बाई भिंतीलगत सरकते. त्यात आणखी एक भर पडते. अनेक गटांत नव्या सभासदाकडून मागील महिन्यांची बचत एकदम अथवा हप्त्याने भरून घेतात. रक्कम बरोबरीला यावी हा त्यातील न्याय योग्यच आहे. तथापि ती बरोबरीला येईपर्यंत नवी सभासद स्वतःला देणेकरी समजते, आणि देणेकऱ्याने सावकारासमोर जसे बोलावे तसे बोलते. वहीतील बरोबरी आणि बोलण्यातील बरोबरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

ह्या गप्प राहण्याची किंमत कोणती, हे लातूर जिल्ह्यास वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारी व सास्तूर परिसरात भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली, आणि त्याखेरीज हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण ह्यांचा कार्यक्रम शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतला. ह्या दुसऱ्या कार्यक्रमात घरमालकाने स्वतः उभे राहून काम करून घ्यावयाचे होते आणि मदत हप्त्याहप्त्याने मिळावयाची होती. म्हणजे बोलणे आले. यादीत नाव आहे काय, पहिला हप्ता कशासाठी, दुसरा केव्हा, अभियंता कोणते काम पाहून सही करणार, हे विचारल्यावाचून कळणारे नव्हते. घर बहुधा पुरुषाच्या नावावर. सभा चावडीवर किंवा देवळासमोर. आणि सभेतील भाषा कचेरीची. उलटपक्षी पडलेल्या घराची खरी माहिती घरातील स्त्रीजवळ होती. माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा किती थर चढविला जाई, कोणती भिंत दरवर्षी ओल धरी, धान्याची कणगी कोणत्या कोपऱ्यात होती, हे तिला ठाऊक. मजबुतीकरणाच्या उपायांतील प्रमुख उपाय तर हेच होते : माळवदावरील मातीचा बोजा कमी करणे, दगडी भिंतीच्या दोन थरांना आरपार सांधणारे दुवे बसविणे. ज्ञान एकीकडे आणि बोलण्याची जागा दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्याची जी पद्धत पुढे आली, तिचे महत्त्व ह्या ठिकाणी आहे. हे नाव कचेरीत घडलेले असले तरी अर्थपूर्ण आहे. संवाद सहायक ही गावचीच स्त्री. तिने घरोघर जाऊन कुटुंबाचा हक्क काय हे सांगावे, अभियंत्याचे म्हणणे गावच्या बोलीत आणावे आणि गावचे म्हणणे कचेरीला समजेल अशा रीतीने मांडावे, अशी अपेक्षा होती. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे दुभाष्याचेच काम. दोन्ही बाजूंना मराठीच बोलली जात होती, एवढाच फरक. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा ह्या भागातील काही स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी तेथे गेल्या. लातूरची मराठी, मोडकी हिंदी आणि समोर गुजराती व कच्छी, अशा त्या भेटी. आपले घर पडले, नंतर आपण काय केले, ह्या निवेदनातून आरंभ करणाऱ्या बाईपुढे परक्या प्रदेशातील बाईलाही बोलावेसे वाटते. योगायोग असा की, गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' असा मराठीसारखाच भेद आहे.

सभेत उभे राहून बोलणे ही मराठवाड्यात तशी अलीकडची गोष्ट म्हणावी लागेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी लागे, आणि त्यासंबंधीची 'गश्ती निशाण त्रेपन्न' वडील पिढीच्या तोंडी बराच काळ होती. शाळेची आणि न्यायालयाची वरिष्ठ भाषा उर्दू. सभेचे व्याकरण, म्हणजे सूचक, अनुमोदक, ठराव, गणपूर्ती, हे सारे नंतर आले. परंतु सभा नवी असली तरी मंडळी जुनी आहे, आणि नवागतास सामावून घेण्याच्या तिच्या रीती सभेपेक्षा कितीतरी पटीने सूक्ष्म आहेत.

वारकऱ्यांची भजनी मंडळी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नवा माणूस येतो तेव्हा त्याला कोणी 'बोला' असे म्हणत नाही. त्याच्या हाती टाळ दिले जातात. तो मागच्या ओळीत उभा राहतो आणि ध्रुवपद सर्वांबरोबर म्हणतो. ताल चुकला, शब्द विसरला, तरी दहा आवाजांत त्याचा आवाज झाकला जातो. पुढे सप्ताहात वीणेचा पहारा त्याच्या वाट्यास येतो. वीणा गळ्यात घालून तासभर उभे राहावयाचे, नामस्मरण करावयाचे, आणि वेळ भरली की पुढच्याच्या गळ्यात वीणा द्यावयाची. पहाऱ्याच्या यादीत नाव लागले की तो मंडळीतला झाला. चाल सांगणे, अभंग उचलणे, प्रमाण देणे ही कामे ह्यानंतरची, काही वर्षांनंतरची. संबोधन तर पहिल्या दिवसापासून एकच : 'माऊली'. तरण्याने म्हाताऱ्याला, म्हाताऱ्याने तरण्याला, आणि परस्परांच्या पाया पडणेही दोन्ही बाजूंनी. ह्या संबोधनाने एरवी गावात काटेकोर पाळली जाणारी वयाची व घराण्याची उतरंड तेवढ्यापुरती मोडते. स्त्रियांना मात्र 'माऊली' म्हणूनही कीर्तनाच्या गादीपर्यंत पोचावयास फार काळ लागला, हे येथे नमूद केले पाहिजे. संबोधन बदलले म्हणजे सर्व काही बदलते असे नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही निराळ्या वाटेने हेच दिसते. लंगरच्या पंगतीत बसावयास ओळख लागत नाही, आणि पोळ्या लाटावयास किंवा भांडी घासावयास बसलेल्या परक्या माणसास कोणी कोठला म्हणून विचारीत नाही. शब्दाआधी हाताला काम मिळते.

जीन लेव्ह व एटिएन वेंगर ह्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मेक्सिकोतील युकातान भागातल्या मायावंशीय सुईणी, पश्चिम आफ्रिकेतील शिंपी इत्यादींच्या आधारे असे दाखविले की, नवशिका प्रथम कडेच्या पण खऱ्या कामात वाटेकरी होतो आणि तेथून हळूहळू मध्याकडे सरकतो. कडेचे काम खरे असले पाहिजे, ह्या अटीवर त्यांच्या विवेचनाचा भर आहे. टाळ हे खरे काम आहे. गटातील नव्या बाईला सतरंजी घालावयास सांगणे हे मात्र काम नसून चाकरी होय. फरक एवढाच की, टाळ वाजले नाहीत तर भजन अडते.

बचत गटाजवळ टाळाच्या तोडीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे हजेरी. ग्रामीण भागात दहा ते वीस जणींचा गट, ठरलेल्या दिवशी बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, असा क्रम सर्वत्र रूढ आहे. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा जो प्रयोग आरंभिला, आणि महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ नंतर 'उमेद' अभियान ह्यांनी जे जाळे विणले, त्यातून हा क्रम घट्ट झाला. वरवर पाहता हजेरी ही कंटाळवाणी बाब. पण नवागताच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. प्रत्येकीचे नाव पुकारले जाते, आणि प्रत्येकीने 'हजर' म्हणून आपली बचत किती ते सांगावयाचे असते. हे वाक्य ठरलेले आहे. ते चुकण्याची भीती नाही. ते म्हटल्यावाचून बैठक पुढे सरकत नाही. आणि अध्यक्ष व नवी सभासद ह्यांचे वाक्य अगदी एकसारखे असते. मत मागण्यापूर्वी आवाज ऐकू येणे, ही पायरी हजेरीने आपोआप गाठली जाते. वेळ वाचविण्यासाठी सचिवाने गुपचूप वहीत खुणा करून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. तिने पाच मिनिटे वाचतात आणि नव्या बाईचे वाक्य जाते.

हजेरीत पुकारले जाणारे नाव हाही एक विचार करण्याजोगा विषय आहे. गावात लग्न होऊन आलेल्या स्त्रीस तिच्या नावाने हाक मारणारे फार थोडे. ती अमक्याची सून, तमक्याची धाकटी जाऊ, आणि मूल झाले की त्या मुलाची 'माय'. नवऱ्याचे नाव तर तिने घ्यावयाचे नाही; घ्यावयाचे झाले तर उखाण्यात गुंफून. गटाच्या अर्जावर मात्र तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव हे सर्व हवे असते, आणि ते तिलाच सांगावे लागते. अशा वेळी पुष्कळ जणी शेजारणीकडे पाहतात आणि शेजारीण ते नाव सांगते. जाणती सचिव येथे घाई करीत नाही. कित्येकदा एखादा उखाणाच घ्यावयास सांगून हसतखेळत ती अडचण ओलांडली जाते, आणि मग वहीत नाव लिहिले जाते. रूढीला धक्का न लावता तिच्याच साधनाने तिच्यातून वाट काढण्याची ही युक्ती कोणा प्रशिक्षकाने शिकविलेली नसून बायकांनीच योजलेली आहे.

रॉजर ब्राऊन व अल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० मध्ये सर्वनामांवरील आपल्या निबंधात सत्ता आणि जवळीक असे दोन अक्ष मांडले. मराठी संबोधनांस ते लावून पाहता एक गोष्ट ध्यानात येते. खेड्यातील नात्याची संबोधने, जसे आत्याबाई, मामी, वैनी, अक्का, माय, ही जवळीक दाखविणारी असली तरी प्रत्येकीत वयाची व मानाची पायरी दडलेली असते. गटात समोर चुलतसासू बसली असेल, तर नव्या सुनेचा पदर डोक्यावर येतो आणि आवाज खाली जातो. बैठक गटाची असली तरी नाते घरचेच राहते. बचत गटांच्या चळवळीत रूढ झालेले 'ताई' हे संबोधन ह्या अडचणीवरील उत्तर आहे. वीस वर्षांची सभासद ताई आणि साठ वर्षांचीही ताईच. ज्येष्ठ बाईने नवागतास 'ताई, तुमचं काय म्हणणं हाय?' असे विचारले, म्हणजे 'ताई' आणि 'तुमचं' ह्या दोन शब्दांनी ती आपला मान खाली न आणता समोरचीचा वर नेते. ह्याउलट 'मॅडम' हा शब्द. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीस मॅडम म्हटले गेले की उत्तरे शाळेतल्यासारखी येऊ लागतात.

प्रश्न कसा विचारला जातो ह्यावर तर सर्वांत अधिक अवलंबून असते. 'कुणाला काही विचारायचं हाय का?' ह्या प्रश्नास नव्यांपैकी कोणीही उत्तर देत नाही. ह्याचे कारण धैर्याच्या अभावात शोधण्याऐवजी संभाषणाच्या रचनेत शोधावे. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन ह्यांनी १९७४ मध्ये दाखविल्याप्रमाणे, बोलणाऱ्याने पुढचा वक्ता निवडला नसेल तर जो प्रथम सुरू करील त्याची पाळी. आणि अशा शर्यतीत सरावलेला माणूस नेहमीच पुढे असतो. लातूरच्या नामांकित शिकवणी वर्गांत तालुक्याहून आलेला मुलगा 'काही शंका?' ह्यावर मान हलवितो, त्याचे कारणही हेच. नाव घेऊन विचारले तर पाळी निश्चित होते. परंतु नाव घेऊन अवघड प्रश्न विचारला तर ती परीक्षा होते. म्हणून प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर त्या बाईलाच ठाऊक आहे आणि चुकणे शक्यच नाही. 'तुमच्याकडं औंदा सोयाबीनच्या बियाण्याला किती लागलं?' ह्या प्रश्नाने गटाला उपयुक्त माहिती मिळते, आणि पुढील चर्चा, म्हणजे बियाण्यासाठी किती कर्ज द्यावे ही, तिच्या आकड्यावरून सुरू होते. तिला बोलते केले, असे तिला वाटत नाही. तिच्यावाचून हिशेब अडला होता, हेच खरे असते.

ह्यानंतर येतो बोलीचा प्रश्न. नांदेडकडे 'मी जायलो', लातूरकडे 'काय कराललास' अशी चालू वर्तमानाची रूपे ऐकू येतात. 'कामून', 'हितं' हे शब्द तर सर्वत्र. ही रूपे सदोष नव्हेत. त्यांना स्वतःचे नियम आहेत आणि ते नियम बोलणारे कधी चुकत नाहीत. तरीही बाहेरून आलेल्या, क्वचित गावच्याच शिकलेल्या व्यक्तीस ती सुधारण्याचा मोह होतो. वाक्य अर्धे असताना 'करायलो नाही, करत आहे म्हणा' असे सुचविणे म्हणजे पाळी काढून घेणे होय. ती बाई पुढे प्रमाण मराठी बोलू लागत नाही, बोलणेच थांबविते.

पण ह्याहून अधिक नुकसान इतिवृत्ताच्या वहीत होते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. समजा, नवी सभासद म्हणते, 'पुढच्या हप्त्याला जमंना मला, लेकरू दवाखान्यात हाय.' वहीत लिहिले जाते, 'सदर सभासदाने परतफेडीस मुदतवाढ मागितली; सर्वानुमते मंजूर.' व्यवहाराच्या दृष्टीने नोंद बिनचूक आहे. तिच्यातून लेकरू मात्र गेले. पुढील बैठकीत हे इतिवृत्त वाचून दाखविले जाते, तेव्हा आपलेच वाक्य त्या बाईस ओळखू येत नाही. आणि तिसऱ्या एखाद्या नवीन बाईस, आजारपणाचे कारण येथे सांगता येते, हेही कळत नाही. काही गटांत सचिव लिहिलेले वाचून झाल्यावर तेच बोलीत पुन्हा सांगते : 'हिचं लेकरू दवाखान्यात होतं म्हणून आपण मुदत वाढवून दिली.' वहीची भाषा बदलण्याची गरज नाही. कचेरीला ती तशीच हवी. वाचनाला हे दुसरे वाक्य जोडले की पुरे. त्या वाक्यात 'आपण' आलेले आहे, हेही सहज पाहण्याजोगे.

जेथे भाषाच निराळी, तेथे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. मुखेड, कंधार, किनवट, जळकोट ह्या भागांतील तांड्यांवरची बंजारा स्त्री घरी गोरबोली बोलते. मराठी तिला येते, पण ती बाजाराची मराठी; तक्रार करण्याची किंवा विनोदाची नव्हे. गावच्या गटात ती एकटीच असेल तर ती अनेक महिने ऐकत राहते. तांड्यावरच्या दोघी एकाच वेळी गटात आल्या, तर त्या आपसांत आपल्या बोलीत कुजबुजतात आणि मग त्यांतील एक मराठीत बोलते. ह्या कुजबुजीस अनेक ठिकाणी बेशिस्त समजले जाते. वस्तुतः ती पूर्वतयारी असते, आणि तिला मिनिटभर वेळ दिल्याने बैठकीचे काही बिघडत नाही. एकटीला घेण्यापेक्षा दोघींना घ्यावे, हा नियम लिखित नसला तरी अनुभवी कार्यकर्त्या तो पाळतात.

गटात बोलू लागलेली स्त्री ग्रामसभेत बोलेलच असे नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पुढे जी दुरुस्ती झाली तीनुसार नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे आवश्यक आहे, आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कायद्याने केलेली ही सोय वर वर्णिलेल्या मागच्या ओळीसारखीच आहे : आधी आपल्यांत बोलावे, मग चारचौघांत. ही सभा जेथे खरोखर भरते तेथे घरकुलाच्या यादीचा, पाण्याचा, स्मशानाच्या वाटेचा प्रश्न ग्रामसभेत कोणी मांडावयाचा हे आदल्या दिवशी ठरलेले असते, आणि मांडणारीच्या मागे आठ-दहा जणी बसलेल्या असतात. जेथे ती केवळ वहीतच भरते, तेथे सह्या आणि अंगठे पुष्कळ मिळतात.

शेवटी एका अशा नवागताचा उल्लेख केला पाहिजे, की जी खरे पाहता नवी नाहीच. ह्या दोन्ही जिल्ह्यांच्या डोंगराळ व कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक जोडपी ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. गटाची सभासद असलेली बाई ह्या पाच-सहा महिन्यांत बैठकीस नसते. बचत शेजारणीबरोबर पाठविते, किंवा आल्यावर एकदम भरते. तिच्या अनुपस्थितीत कर्जे दिली जातात, व्याजाचा दर ठरतो, कधी अध्यक्षही बदलतो. परतल्यावर तिच्या कानी पुन्हा तेच वाक्य पडते : 'आम्ही ठरवलं हाय.' ती जुनी असल्यामुळे तिला कोणी समजावून सांगत नाही, आणि जुनी असल्यामुळेच विचारावयाची तिलाही लाज वाटते. म्हणजे तिची अवस्था नव्या सभासदाहून कठीण. ज्या गटांत चैत्रातील पहिल्या बैठकीस मागील सहा महिन्यांचे ठराव एकवार वाचून दाखवितात आणि त्यांपैकी मोठ्या कर्जाचा एखादा निर्णय मुद्दाम तिच्या येण्यापर्यंत ठेवलेला असतो, तेथे त्या पहिल्या बैठकीत बोलणारी बहुधा तीच असते : कोणत्या कारखान्याने उचल किती दिली, टोळीतल्या कोणाचे बैल विकावे लागले, आणि औंदा पुन्हा जायचे की येथेच शेळ्या घ्यायच्या.